चव्वेचाळीस अक्षरांची ओळ

गुरु गोविंदसिंगांनी १७०८ साली ज्या नगरीत देह ठेवला आणि ग्रंथसाहिबास गुरुपद देऊन देहधारी गुरूंची परंपरा जेथे समाप्त केली, त्या गोदातीरावरील नांदेडात महाराजा रणजितसिंगाच्या साहाय्याने १८३२ ते १८३७ या काळात उभे राहिलेले सचखंड हुजूर साहिब पंजाबातल्या यात्रेकरूंना तर ओढून आणतेच, पण कॅनडा, इंग्लंड, अमेरिका अशा दूरदेशी स्थायिक झालेल्या शिखांनाही आणते. आणि असा एखादा दूरचा यात्रेकरू लॉजच्या मेजापुढे आपली पिशवी ठेवून उभा राहिला की भक्तिभावाशी ज्याचे काही देणेघेणे नाही असे एक सरकारी काम त्या मेजावर सुरू होते. परदेशी नागरिक मुक्कामास उतरला म्हणजे त्याच्या आगमनाची वर्दी चोवीस तासांच्या आत परकीय नोंदणी अधिकाऱ्याकडे पोचविण्याची जबाबदारी त्याला उतरवून घेणाऱ्यावर असते. पारपत्राचा क्रमांक, जन्मतारीख, मुदत, राष्ट्रीयत्व आणि संपूर्ण नाव हा सारा तपशील कारकुनाने डोळ्यांनी वाचून बोटांनी टंकित करावयाचा, आणि तोही रात्री उशिरा गाडीतून उतरलेली तीस माणसे समोर ताटकळत असताना, म्हटल्यावर त्यात एखादा आकडा इकडचा तिकडे होणे हे आश्चर्य नसून न होणे हेच आश्चर्य ठरेल.

ह्या कामी ज्याची मदत घेता येते ते साधन नांदेड-लातूरच्या कोणत्याही औषधाच्या किंवा किराण्याच्या मोठ्या दुकानात पाहावयास सापडते. दुकानदार त्याला 'गन' म्हणतात. आपण त्याला स्कॅनर म्हणू. परंतु खोक्यातून नुकताच काढलेला स्कॅनर साबणाच्या वडीवरील बारकोड क्षणार्धात वाचतो आणि पारपत्रावरील ठसठशीत छापलेल्या अक्षरांपुढे धरला असता मात्र मूग गिळून बसतो, तेव्हा तो नादुरुस्त आहे असा ग्रह करून घेणे अन्यायाचे होईल. काही स्कॅनरांना अक्षरे वाचता येतच नाहीत. लाल रेषा फेकणारा लेझरचा स्कॅनर त्या एका रेषेवरून परत येणाऱ्या प्रकाशाची कमीजास्त मात्रा तेवढी मोजतो, आणि जाड-बारीक उभ्या पट्ट्यांना तेवढे पुरत असले तरी अक्षराला उंचीही असते व रुंदीही असते, म्हणून त्यासाठी संपूर्ण चित्रच टिपावे लागते. चित्र टिपणारा, म्हणजे आत लहानसा कॅमेरा असलेला, चौकोनी क्यूआर कोड वाचू शकणारा स्कॅनर असेल तर त्यात ही विद्या असण्याचा संभव आहे; मात्र असली तरी ती कारखान्यातून बाहेर पडताना बहुधा कुलूपबंद करून पाठविलेली असते.

हे कुलूप घालण्यामागे कारण आहे. बारकोडाला आरंभ व शेवट दाखविणाऱ्या खुणा असतात, आणि क्यूआरसारख्या कोडात काही भाग फाटला वा मळला तरी मूळ मजकूर सिद्ध करता येईल एवढी जादा माहिती पेरलेली असते. छापील अक्षरांच्या पाठीशी असा कोणताच बंदोबस्त नाही. अक्षरे वाचण्याची मुभा सरसकट दिली तर स्कॅनर खोक्यावरच्या जाहिरातीत, मेजाच्या लाकडाच्या रेषांत, पाहुण्याच्या सदऱ्यावरील नक्षीतही अक्षरे शोधू लागेल आणि काहीतरी सापडल्याचे बेधडक कळवील. म्हणून ह्या यंत्राची मांडणी करणे ह्याचा अर्थ त्याला अधिकाधिक वाचावयास शिकविणे असा नाही. काय वाचू नये ह्याची कुंपणे एकामागून एक घालीत जाणे असाच आहे. जुन्या दफ्तरातील कारकून मोडीत लिहिलेले खत भराभर वाचीत असे ते प्रत्येक वळण त्याला स्पष्ट दिसे म्हणून नव्हे, तर खतात कोणत्या ठिकाणी तारीख यावयाची, कोठे रक्कम यावयाची आणि शेवटी साक्षीदारांची नावे यावयाची हे त्याला आधीच ठाऊक असे म्हणून. तोच कारकून अनोळखी विषयाच्या कागदापुढे अडखळे. स्कॅनरचे वाचनही पूर्वअपेक्षेचे वाचन आहे, आणि ती अपेक्षा जितकी आखीव तितके ते विश्वासार्ह होते.

पहिले कुंपण अक्षराच्या वळणाचे. यंत्रांना वाचता यावे म्हणून माणसांनी आपली अक्षरेच बदलून घेतली, हा विसाव्या शतकातील मुद्रणाच्या इतिहासाचा एक चमत्कारिक अध्याय आहे. त्यांतील सर्वांत परिचित वळण आपल्या धनादेशाच्या तळाशी असते. लातूरच्या बाजार समितीत तुरीचा नि सोयाबीनचा सौदा झाल्यावर आडत्याच्या गादीवरून जो धनादेश निघतो, त्याच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर सहा अंकी धनादेश क्रमांक, नऊ अंकी शहर-बँक-शाखा क्रमांक, नंतर सहा अंक आणि अखेर दोन अंक अशी ओबडधोबड, मध्येच फुगलेल्या आकड्यांची एक रांग दिसते. ह्या वळणाचे नाव ई-तेरा-बी. १९५० च्या दशकात अमेरिकेतील बँकांसाठी ते सिद्ध झाले. त्यात केवळ दहा आकडे आणि चार खुणा आहेत, अक्षर एकही नाही. हे आकडे ज्या शाईने छापतात ती चुंबकीय असते आणि बँकेतील यंत्र आकार पाहण्याऐवजी चुंबकत्वाचा चढउतार अनुभवते, त्यामुळे वर सही किंवा शिक्का उमटला तरी त्याचे अडत नाही. हातातला स्कॅनर मात्र ह्याच आकड्यांचे केवळ रूप पाहतो. त्याला चुंबकत्वाची जाणीव नाही. धनादेशाची छायाप्रत त्याच्यापुढे धरली तर ती तो अस्सल धनादेशाइतक्याच निष्ठेने वाचील, ही गोष्ट त्याचा उपयोग करणाऱ्याने विसरता कामा नये.

(लातूरचे नाव निघाले म्हणजे परीक्षांची आठवण होणे अपरिहार्य आहे; तेथील सहस्रावधी मुले वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीत ज्या उत्तरपत्रिका गोल काळे करून भरतात, त्या तपासणारे यंत्र अक्षर वाचीतच नाही. ठरल्या जागी काळिमा आहे की नाही एवढेच ते पाहते. आसन क्रमांक आकड्यांत लिहिल्यावर पुन्हा त्याचेच गोल रंगवावे लागतात ते ह्यामुळेच.)

दुसरे वळण ओसीआर-ए. १९६० च्या दशकात अमेरिकेत प्रमाण ठरलेले हे वळण यंत्राच्या सोयीपुढे माणसाच्या डोळ्याची यत्किंचितही पर्वा करीत नाही. शून्य आणि 'ओ', आठ आणि 'बी' ह्यांची यंत्राने गल्लत करू नये म्हणून प्रत्येक चिन्हास जो तिरपागडा आकार दिला आहे तो पाहून वाचणाऱ्याला यंत्रमानवाच्या चित्रपटाचे शीर्षक वाचल्यासारखे होते. ह्याविरुद्ध युरोपातील संगणक-उत्पादकांच्या मंडळाला असे वळण हवे होते की जे यंत्रालाही कळेल आणि माणसालाही खुपणार नाही. स्वित्झर्लंडचा अक्षरकार आद्रियाँ फ्रुटिगर ह्याने १९६८ मध्ये ओसीआर-बी सिद्ध केले. प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी, परस्परांत निश्चित अंतर, आणि तरीही रेषेत एक प्रसन्न साधेपणा, असे हे वळण आहे. ह्याच फ्रुटिगरने त्या दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत येऊन देवनागरीच्या मुद्राक्षरांवरही काम केले होते, ही गोष्ट मराठी वाचकास मौजेची वाटावी. जगातील पारपत्रांवर आज जी यंत्रवाचनीय पट्टी असते ती ओसीआर-बीतच छापलेली असते.

ही पट्टी म्हणजे पारपत्राच्या माहितीच्या पानावर तळाशी असलेल्या दोन ओळी. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने तिचे नियम घालून दिले आहेत, आणि २४ नोव्हेंबर २०१५ नंतर हस्तलिखित, यंत्राला न वाचता येणारी पारपत्रे चालू ठेवू नयेत असा तिचा निर्बंध आहे. प्रत्येक ओळीत नेमकी चव्वेचाळीस चिन्हे. रोमन लिपीतील सव्वीस मोठी अक्षरे, दहा आकडे, आणि रिकामी जागा भरून काढण्यासाठी डावीकडे टोक केलेले एक कोनाकार चिन्ह, ह्यांखेरीज तेथे कशालाही प्रवेश नाही. वरच्या ओळीत दस्तऐवजाचा प्रकार, तो देणाऱ्या देशाची तीन अक्षरे आणि उरलेल्या एकोणचाळीस जागांत नाव. खालच्या ओळीत क्रमांक, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, लिंग, मुदत, आणि देशाला आपल्या इच्छेप्रमाणे वापरता येतील अशा चौदा जागा.

आता मांडणीकडे वळू. स्कॅनरबरोबर येणाऱ्या, अथवा उत्पादकाकडून उतरवून घेता येणाऱ्या, पुस्तिकेत प्रत्येक हुकुमासाठी एकेक बारकोड छापलेला असतो; तो वाचला की स्कॅनर तो हुकूम मनाशी नोंदवून ठेवतो. प्रथम कारखान्यातील मूळ स्थितीस नेणारा कोड स्कॅनरला वाचावयास द्यावा, कारण आधीच्या मालकाने अथवा विक्रेत्याने काय काय बदलले असेल ह्याचा भरवसा नसतो. मग ओसीआर-बी चालू करावे. आणि केवळ तेच चालू करावे. 'असू दे, कधी लागेल' म्हणून ओसीआर-ए आणि धनादेशाचे वळणही चालू ठेवणाऱ्याचा स्कॅनर प्रत्येक चिन्ह तीन-तीन वळणांशी ताडून पाहतो, त्यामुळे मंदावतो आणि चुकतोही. ओसीआर-बीच्या खाली पोटप्रकार असतात: ओळखपत्रांच्या तीन ओळी, व्हिसाचे दोन प्रकार, पारपत्र. येथे पारपत्र निवडावे, म्हणजे दोन ओळी आणि प्रत्येकीत चव्वेचाळीस चिन्हे ही अपेक्षा यंत्रात आपोआप बसते. हा पोटप्रकार नसलेल्या स्कॅनरात ओळींची संख्या दोन, किमान चिन्हे चव्वेचाळीस, कमाल चिन्हेही चव्वेचाळीस असे हाताने सांगावे. किमान आणि कमाल ह्यांत फट ठेवली की अर्धवट दिसलेली ओळ पूर्ण समजून पुढे पाठविली गेलीच म्हणून समजावे. नंतर चिन्हांचा संच आखावा, म्हणजे छोटी अक्षरे, स्वल्पविराम, रुपया-डॉलरच्या खुणा ह्यांना रजा मिळते.

ह्याच्याही पुढे जाऊन कोणत्या जागी आकडा व कोणत्या जागी अक्षर अपेक्षित आहे असा साचा देता येतो. भारतीय पारपत्राचा क्रमांक एक अक्षर आणि सात आकडे असा असतो. जेथे केवळ भारतीय पारपत्रे हाताळावयाची आहेत तेथे हा साचा शंभर नंबरी उपयोगी. नांदेडच्या लॉजच्या मेजावर मात्र त्याचाच अडसर होईल, कारण इंग्लंडच्या पारपत्राचा क्रमांक निव्वळ नऊ आकड्यांचा, तर कॅनडाच्या पारपत्रांत दोन अक्षरे नि सहा आकडे अशीही घडण आढळते. तेथे क्रमांकाच्या जागा मोकळ्या सोडून तारखांच्या जागी तेवढा आकड्यांचा आग्रह धरावा.

मग क्रमांकाची रुजवात कशी घ्यावयाची? त्यासाठी ओळीतच ताळ्याचा अंक दिलेला आहे. पद्धत सोपी आहे: डावीकडून प्रत्येक चिन्हास अनुक्रमे ७, ३, १ आणि पुन्हा ७, ३, १ ह्यांनी गुणावे, गुणाकारांची बेरीज करावी आणि बेरजेचा एकं स्थानचा अंक घ्यावा. अक्षरांना 'ए' पासून १०, ११, १२ अशा किमती. भरतीच्या कोनाकार चिन्हाची किंमत शून्य. हैदराबाद संस्थान शरण आले त्या, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ ह्या दिवशी जन्मलेल्या माणसाची जन्मतारीख पट्टीत ४८०९१७ अशी येईल, गुणाकार २८, २४, ०, ६३, ३, ७, बेरीज १२५, ताळ्याचा अंक ५. स्कॅनरने आठाचा तीन वाचला तर बेरीज ११० होऊन ताळा शून्य येईल आणि चूक जागच्या जागी पकडली जाईल. सात, तीन व एक ह्यांपैकी कोणाचाही दहाशी सामाईक विभाजक नसल्यामुळे एका आकड्याच्या जागी दुसरा आकडा आला तर तो कधीच निसटत नाही.

निसटतात त्या चुका निराळ्या. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले आणि त्यांत पाचाचा फरक असला, जसे एक नि सहा अथवा तीन नि आठ, तर ताळा जसाच्या तसा राहतो. ही चूक हाताने लिहिणाऱ्याची आहे, यंत्र सहसा ती करीत नाही. यंत्राला खरा धोका आहे तो अक्षर आणि आकडा ह्यांच्या साम्याचा. 'ओ' आणि शून्य, 'बी' आणि आठ, 'एस' आणि पाच, 'झेड' आणि दोन ह्या जोड्यांचा गोंधळ ताळ्यात उघड होतो. पण 'जी' ची किंमत सोळा. सहाच्या जागी 'जी' वाचला तर फरक दहाचा पडतो, दहाची कोणतीही पट एकं स्थानास स्पर्श करीत नाही, आणि चुकीचा क्रमांक अव्वल शिक्का घेऊन पुढे जातो. साच्याचे महत्त्व ह्यावरून ध्यानात यावे.

प्रकाशाचाही विचार करावा लागतो. पारपत्राच्या गुळगुळीत पापुद्र्यावरून स्कॅनरचाच दिवा परावर्तित होऊन मधली चार-पाच चिन्हे पांढरीफटक होतात. यंत्र किंचित तिरके धरले की हा झोत बाजूला सरतो. पट्टीच्या चोहोबाजूंस थोडी कोरी जागा दिसू द्यावी. लाल दिव्याच्या स्कॅनरला तांबड्या शाईचा शिक्का कागदाइतकाच फिका दिसतो, परंतु आपल्या कचेऱ्यांतून वापरात असलेली जांभळी अथवा निळी शाई त्याला काळी दिसते, आणि तिचा वेलांटीएवढा डागही अक्षर बिघडविण्यास पुरतो. विमानतळावरील मोठी वाचकयंत्रे अवरक्त प्रकाश वापरतात. पट्टीची शाई त्या प्रकाशातही काळीच दिसावी असा नियम आहे, उलट शिक्क्यांच्या पुष्कळशा शाया त्यात अदृश्य होतात. हातातल्या स्कॅनरपाशी ती दृष्टी बहुधा नसते.

एवढे सारे यथास्थित झाल्यावर एक अडचण येते, आणि ती महाराष्ट्रातल्या कचेरीत हमखास येते. स्कॅनर संगणकाला जोडला की तो स्वतःस कळफलक म्हणवून घेतो. अक्षर न पाठविता अमुक कळ दाबली गेली एवढेच तो कळवितो, आणि त्या कळेला कोणते अक्षर मानावयाचे हे संगणक ठरवितो. मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक चालू राहिलेला असेल तर भारताची 'आय-एन-डी' ही तीन अक्षरे पडद्यावर 'घळअ' अशी उमटतात आणि भरतीच्या कोनाकार चिन्हांच्या जागी षकारांची एक लांबलचक माळ दिसू लागते. यंत्र बिघडले म्हणून ते परत पाठविण्याच्या गोष्टी येथवर येऊन सुरू होतात. उपाय दोन: कळफलक इंग्रजीवर आणावा, किंवा स्कॅनरच्या पुस्तिकेतील असा पर्याय निवडावा की ज्यायोगे तो प्रत्येक अक्षराचा सांकेतिक क्रमांक ऑल्ट कळेसह पाठवितो आणि कळफलकाच्या भाषेचा प्रश्नच उरत नाही. ओळीच्या शेवटी 'एंटर' पाठविण्याची आज्ञाही ह्याच वेळी द्यावी. नाहीतर दोन्ही ओळी एकाच रकान्यात जाऊन बसतात.

देवनागरीसाठी असा एखादा कोड पुस्तिकेत शोधणाऱ्याच्या पदरी मात्र निराशा येते. ओसीआर-बीची प्रत्येक आकृती आपापल्या समान चौकटीत सुटी उभी असते. आपली अक्षरे शिरोरेषेने एकमेकांना बांधलेली, मात्रा वर, उकार खाली, जोडाक्षरांत अर्धा वर्ण दुसऱ्याच्या कुशीत, आणि रुंदी प्रत्येकाची निराळी. १९७० च्या दशकापासून कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा ह्यांनी ह्या प्रश्नावर काम केले, पुण्याच्या सी-डॅकने 'चित्रांकन' नावाची प्रणाली तयार केली, आणि टेसरॅक्ट ही मुक्त प्रणालीही आज छापील मराठी बऱ्यापैकी वाचते. पण शिरोरेषा विलग करणे आणि शब्दाचे तुकडे पाडणे ही सारी उठाठेव संगणकाची आहे, मुठीत मावणाऱ्या स्कॅनरची नव्हे. निजामाच्या अमदानीतील उर्दू नि मोडी दफ्तरांचा प्रश्न तर ह्याहून पुढचा. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामानिमित्त मराठवाड्यातील जुन्या दफ्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणाऱ्या माणसांनाच शोधून आणावे लागले.

पारपत्राच्या पट्टीत भारतीयांची नावेही रोमन अक्षरांतच बसवावी लागतात, आणि नावाच्याच ठिकाणी ह्या सगळ्या बंदोबस्ताला एक खिंडार आहे. क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत ह्या तिन्हींना स्वतंत्र ताळा आहे. ऐच्छिक जागांना आहे. ओळीच्या अखेरीस ह्या सर्वांना कवेत घेणारा आणखी एक अंक आहे. पण ते सारे खालच्या ओळीपुरते. वरच्या ओळीतील नावाला ताळा नाही. ज्या यादीत जवळजवळ प्रत्येक नाव सिंग अथवा कौर ह्यांनीच संपते, तेथे माणसाची ओळख त्याच्या पहिल्या नावावरच अवलंबून असते. 'बी' चा 'डी' होऊन बलजीतची दलजीत झाली तरी स्कॅनर आनंदाने किणकिणतो, संगणकावर हिरवी खूण उमटते आणि वर्दी रवाना होते. शिवाय एकोणचाळीस जागांत न मावणारे लांब नाव पट्टीत कापून छापलेले असते. तेव्हा आज्ञावली लिहून घेताना नावाचा रकाना आपोआप पुढे न ढकलता कारकुनाच्या मान्यतेसाठी थांबेल अशी तजवीज करून घ्यावी, आणि कारकुनाने पट्टीकडे न पाहता पानाच्या वरच्या भागात छापलेले संपूर्ण नाव पाहून, शक्य तर पाहुण्यास विचारून, ते कायम करावे.